उलटे आटे

कंपनी मद्रासची. तिची दारं बंद झाली
तेव्हा मी वीज मंडळात नुकताच ड्राफ्ट्समन लागलो होतो.
मी निवृत्त झालो, आणि गाडी अजून
जेल रोडमागच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडखाली,
आठ विटांवर उभी.
स्टँडर्ड हेराल्ड. दोन दारं, फिकट पोपटी रंग,
आणि बॉनेट असं उघडतं
की अर्धी गाडीच नमस्काराला वाकते.

मला ट्रनियन हवे होते.
मुठीएवढा काशाचा तुकडा,
पुढच्या चाकाच्या मुळाशी बसतो,
चाक वळतं ते त्याच्या आट्यांवर.
उजव्या बाजूचे आटे सुलटे,
डाव्याचे उलटे.

छोटी ग्वालटोली झाली. लोहामंडीत एकानं
ट्रॅक्टरचं काहीतरी हातावर ठेवलं, म्हणाला,
यही है भिया, घिस लेना थोडा.
निसार उस्ताद नुसते हसले.
"इसमें तेल डलता था, बाबूजी. लोगों ने ग्रीस भर दी.
कंपनी बाद में मरी, गाडियाँ पहले."

सियागंजात मुफद्दलभाईंच्या माळ्यावर
खिळ्यांच्या पोत्यामागे एक मिळाला,
मेणकागदात, कोरा. डावा.
एकच.

मग कळलं, देवासला एक पुणतांबेकर आहेत,
पांढरी हेराल्ड, दोन्ही बाजू गेलेल्या माझ्यासारख्याच,
आणि त्यांच्याकडे उजवा आहे.

अकरा वर्षं.
मी म्हणायचो, तुमचा द्या. ते म्हणायचे, तुमचा द्या.
दिवाळीला फोन, संक्रांतीला फोन,
दोनदा मी गेलो, एकदा ते आले,
पोहे खाल्ले, कार्बोरेटरवर बोललो,
पण वस्तू काही कुणी बाहेर काढली नाही.
सोयरीक जुळवायला बसावं
आणि मुलगी दोन्ही घरच्यांनी आतच ठेवावी,
तसं.

भाद्रपदात ते गेले.
सूनबाईंचा फोन आला, डब्यावर तुमचं नाव लिहिलंय बाबांनी.
बसच्या ड्रायव्हरकडे दिला तिनं.
सरवटे स्टँडवर, शेंगदाणेवाल्याच्या शेजारी
बाकावर बसून झाकण काढलं.
ओव्हलटिनचा डबा, आत धोतराचं फडकं,
आत तो.
आट्यात नख घातलं, फिरवलं.
पुसून पुन्हा फिरवलं.
डावा.

तीस वर्षं नोट प्रेसमध्ये
छापलेल्या कागदातली चूक धरायची, हे ज्याचं काम,
त्याला डावं-उजवं कळलं नाही?
की कळलं होतं,
आणि म्हणूनच पोह्यांची दुसरी बशी यायची
विषय निघाला की?

शेंगदाणेवाला म्हणाला, साहेब, उठता का, झाडायचंय.

त्या रात्री ट्रेसिंग पेपर काढला.
निवृत्तीनंतर पहिल्यांदा एच पेन्सिलीला टोक केलं.
तीन बाजूंनी डावा उतरवला, आटे मोजून,
आणि कागद उलटा केला.
समोर उजवा.
आकडे तेवढे पाठमोरे.

पोलोग्राउंडला बद्रीलाल पांचाळनं
तो कागद खिडकीवर चिकटवला, बराच वेळ पाहिला,
पाठमोरे आकडे तसेच वाचले.
तिसऱ्या तुकड्याला जमलं.
पहिल्या दोघांचे पैसे घेतले नाहीत.

उजवीकडे बद्रीलालचा घातला.
डावीकडे पुणतांबेकरांचा.
माझा मेणकागदातच आहे, टेबलावर,
विजेची बिलं उडू नयेत म्हणून.
पहाटे विटा काढल्या.
देवास नाक्यापर्यंत नेली,
वळवली. वळली.

सूनबाईंचा फोन येतो कधीमधी.
बसला का हो काका तो?
बसला.
उजवाच होता ना? बाबा सारखे म्हणायचे,
इंदूरवाल्यांना माझ्याशिवाय उजवा मिळायचा नाही.

हातात तेलाची कुपी होती. थेंब फरशीवर पडला,
तो पायानं पुसला.
हो, म्हटलं.
उजवाच.